बोर्ड लागेपर्यंत

परवा म्हापशात माझा सत्कार झाला. नोकरी करणाऱ्या बायकांच्या सुरक्षिततेसाठी जे कायदे आहेत, त्यांची माहिती द्यायला एक शिबिर भरलं होतं आणि जुन्या पिढीतली निवृत्त कारकून म्हणून मला व्यासपीठावर बसवलं होतं. शाल झाली, नारळ झाला. सूत्रसंचालन करणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची, बोलायला फाडफाड. ती म्हणाली, "पेडण्याच्या एका सरकारी कार्यालयात बायकांसाठी पहिलं स्वतंत्र प्रसाधनगृह ज्यांच्यामुळे सुरू झालं, त्या आज आपल्यात आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. समोरच्यांना तो विनय वाटला असणार. विनय कसला डोंबलाचा! मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं.

दोन शब्द बोला म्हणाले, तर मी खरोखर दोनच बोलले. आभार मानले आणि बसले. जे बोलायला हवं होतं ते बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून आता लिहिते आहे. लिहायला मी आयुष्यात कधी घाबरले नाही, आणि सगळा घोळ त्या लिहिण्यातच झाला.

गोवा राज्य झालं त्या सुमाराची ही गोष्ट. आमचं ऑफिस लहानसं. कुठल्या खात्याचं ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. कौलारू बैठी इमारत, पुढे लांब वऱ्हांडा, मागे काजूची बाग. दाखले, उतारे, सह्या यांसाठी तालुक्यातल्या गावागावांतून माणसं यायची. मोरजीच्या बायका सकाळची पहिली बस धरून यायच्या आणि साहेब जागेवर नसले की दुपारपर्यंत वऱ्हांड्यात बसून राहायच्या. पुरुषांसाठी विहिरीपलीकडे एक जुना संडास होता. बायकांसाठी काजूची बाग होती. ज्यांना हे सोसावं लागायचं त्या बोलत नव्हत्या, आणि बोलू शकणारी जी एक होती, म्हणजे मी, तिला सोसावं लागत नव्हतं. माझं घर पाच मिनिटांवर, देवळामागच्या उतारावर. अकराच्या चहाला घरी एक फेरी, जेवायला दुसरी, चारला पावाचे उंडे आणायच्या निमित्ताने तिसरी. मला कसली अडचण?

ऑफिसातली मी एकटीच बाई कारकून. मी मुलखाची तोंडाळ, त्यामुळे पुरुषमंडळी मला जरा टरकूनच असत. दुसरी बाई होती ती रोजंदारीवरची. झाडू मारायची, विहिरीचं पाणी आणून माठ भरायची, चहाचे पेले विसळायची. ती पलीकडची, सिंधुदुर्गातली, बांद्याच्या बाजूची. नवरा डिचोलीकडे खाणीवर कामाला. आठवड्याने घरी यायचा तो डोक्यापासून पायांपर्यंत तांबडा होऊन. पेडण्यात एका खोलीत बिऱ्हाड, आणि नुकतीच चालायला लागलेली एक मुलगी. तिला शेजारणीकडे ठेवून ही कामाला यायची.

दिवसभर दुसऱ्यांसाठी पाणी भरणारी ही बाई स्वतः मात्र घोटभर पाणी पीत नसे. हे माझ्या लक्षात आलं होतं, असं नाही की आलं नव्हतं. एकदा मी तिला विचारलंही.

"तुका तान लागणा नाय काय गो?"

ती हसली. "लागता मगे. पन पियालंय काय जावचा लागता."

मीही हसले. पेडण्याची मी आणि बांद्याची ती, आमची बोली एकच होती. घरात, बाजारात, तिच्याशी मी हेच बोलायचे. लिहायला बसले की मात्र माझी भाषा निराळी.

त्या वर्षी रोजंदारीवरच्या माणसांना कायम करायची यादी वर जाणार होती. तिचं नाव त्यात होतं. यादी मीच लिहिली होती, आणि तिच्या नावापुढे 'काम व वर्तन चांगले' असा शेराही. तिने त्याबद्दल मला कधी टुमणं लावलं नाही. पण एकदा माठ पुसता पुसता म्हणाली होती, की कायम झालं तर मुलीला इथल्याच शाळेत घालीन. घरात कोणालाच अक्षर येत नाही, एकीला तरी येऊ दे. तिची सगळी भिस्त त्या यादीवर होती आणि ते मला पक्कं माहीत होतं.

तशात वरून परिपत्रक आलं. जिथे बायका काम करतात किंवा कामासाठी येतात, अशा प्रत्येक कार्यालयात स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रसाधनगृह हवं. आतून कडी हवी, पाणी हवं, बाहेर स्पष्ट दिसेल असा फलक हवा. देखरेखीला आणि बायकांच्या तक्रारींसाठी तिघांची समिती, त्यात एक स्त्री असलीच पाहिजे. समितीत साहेब आले, हेडक्लार्क आले आणि स्त्री म्हणून मी आले. सरकारी कामाच्या मानाने आमचं काम झपाट्याने झालं. दोन महिन्यांत विहिरीच्या अलीकडे नवी खोली उभी राहिली. फरशीवर पडलेले सिमेंटचे ठिपके त्या बाईने नखांनी खरवडून काढले, भिंती धुतल्या, नवी बादली आणि तांब्या नेऊन ठेवला. "कसां चकचकीत झालां बाई," म्हणाली. राहिला होता फक्त बोर्ड.

आता ते दिवस ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना हे खरं वाटणार नाही. भाषेवरून गोव्यात घराघरांत भांडणं लागली होती. रस्ते अडवले गेले, गावांच्या नावांच्या पाट्यांवर डांबर फासलं गेलं, वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांकडे बघेनासे झाले. राजभाषेचा कायदा नुकताच झाला होता. कोकणी राजभाषा, आणि मराठीचाही सरकारी कामात वापर. दोन्हीकडच्यांना तो कायदा आपल्याच बाजूचा वाटायचा. मी मराठीवाली, आणि साधीसुधी नव्हे. पोर्तुगिजांच्या अमदानीत माझ्या वडिलांनी आमच्या ओसरीवर मुलांना मराठी शिकवलं होतं. त्यांच्या हातची बाराखडी मी गिरवलेली. मी मोर्च्यांत चालले होते, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. माझं एक ठरलेलं वाक्य होतं आणि ते मी ऊठसूट सगळ्यांना ऐकवायचे: "कागद मराठीत हवा. लोकांना कळला पाहिजे."

हेडक्लार्क म्हापशाकडचे, आणि माझ्याइतकेच कट्टर, पण कोकणीवाले. माणूस वाईट नव्हता. कामाला चोख, वेळेला पक्का. पण बोर्डाचा विषय निघाला आणि आम्ही दोघं कोंबड्यांसारखे एकमेकांवर धावलो.

"राजभास खंयची, तें कायद्यांत बरयलां," ते म्हणाले.

"कायद्यात मराठीही आहे. पान उघडून बघा."

"घरा तुमी खंयची भास उलयतात?"

घरात कुठली भाषा बोलता, हा प्रश्न मला झोंबला. मी म्हटलं, "घरात मी स्वयंपाकही करते, तो काय ऑफिसात करू?" सगळे हसले, आणि मला वाटलं मी जिंकले.

मग साहेबांनी तोडगा काढला, दोन्ही भाषांत लिहा. झालं, आता वर कुठली आणि खाली कुठली? हेडक्लार्क म्हणाले राजभाषा वर. मी म्हटलं, या तालुक्यात वाचणारे मराठी वाचतात, ती वर. साहेब फोंड्याकडचे, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली, त्यांना कशातच पडायचं नव्हतं. ते म्हणाले, "तुमचं ठरेपर्यंत कुलूप लावा. परिपत्रकात फलक म्हटलंय. फलकाशिवाय उघडलं, किंवा एकाच भाषेत लावलं, आणि कोणी वर लिहून पाठवलं तर मला कटकट नको." कुलूप लागलं. समितीतली स्त्री म्हणून चावी माझ्याकडे आली. ती मी माझ्या मेजाच्या खणात ठेवली. आणि त्याच आठवड्यात वर अहवाल गेला: 'स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रसाधनगृहाची सोय करण्यात आली आहे.' खाली तीन सह्या. मजकूर माझाच.

असे सात महिने गेले. वाचणाऱ्याने जरा थांबून हा आकडा बघावा. मी तेव्हा बघितला नाही. आम्ही दोघांनी सात महिने एकमेकांना टिपणं लिहिली, कायद्याची कलमं दाखवली, जुन्या ताम्रपटांपर्यंत जाऊन पोहोचलो. मला त्यात मजा येत होती, हे कबूल करते. घरी जाऊन आजचं उत्तर कसं सडेतोड दिलं ते मी नवऱ्याला रंगवून सांगायचे. पाच पावलांवर पाण्याची बादली भरून ठेवलेली खोली आहे आणि वऱ्हांड्यातल्या बायका तिच्यासमोरून काजूच्या बागेकडे जातात, हे मला दिसत होतं. दिसत होतं, पण टोचत नव्हतं.

त्या बाईने माझ्याकडे तीनदा चावी मागितली.

पहिल्यांदा तिने नुसतं विचारलं, "बाई, तां उघडूचा कधी?" मी म्हटलं, बोर्ड लागलो काय.

दुसऱ्यांदा ती माझ्या मेजाजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, माका वाचूक येणा नाय. बोर्डार कायव लिवलात तरी माका सारख्याच. चावी द्येवा, मी जावन येतंय." मला हसूच फुटलं. तिला नाही म्हटलं आणि तिचं बोलणं मी जसंच्या तसं, तिची नक्कल करून, साहेबांना आणि हेडक्लार्कना ऐकवलं. आम्ही तिघंही हसलो. ती तिथेच कोपऱ्यात पेले विसळत होती.

एकटीला द्यायला काय हरकत होती? हरकत एवढीच, की बोर्डाशिवाय खोली वापरात आली तर बोर्डाचं भांडणच संपणार होतं. ते मला संपवायचं नव्हतं. मी माघार घेतली असं हेडक्लार्कना वाटलं असतं.

तिसऱ्यांदा तिने मागितली ती ज्या दिवशी सगळं घडलं त्या दिवशी. ऑफिसला भाड्याने घेतलेली एक जीप होती, तिचा एक ड्रायव्हर होता. दाढी कोरून, रुमाल मानेला गुंडाळून फिरायचा. गेले काही दिवस तो जीप वऱ्हांड्यापुढे लावायच्या ऐवजी मागे काजूखाली लावायला लागला होता. सावली असते म्हणायचा. जेवणाच्या सुट्टीआधी ती आली. तिच्या बोलण्यात नेहमीची गंमत नव्हती.

"बाई, आज तरी चावी द्येवा. तो ड्रायव्हर थंय काजीखाली गाडी लावन बसता. माझ्यार नदर ठेवन."

मी तेव्हा हेडक्लार्कना द्यायचं एक लांबलचक टिपण लिहीत होते. मान वर न करता मी म्हटलं, "आज-उद्या लागात बोर्ड. आनी तू तेच्याकडे बघू नुको, म्हणजे तो बघूचो नाय."

हे वाक्य मी बोलले. एक बाई दुसऱ्या बाईला बोलली. आज कोणी मुलगी हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकते तेव्हा संतापते, आणि बरोबर संतापते. पण ते माझ्या तोंडून निघालं होतं, माझ्या घरगुती बोलीत, अगदी सहज. मग मी छत्री घेतली आणि जेवायला घरी गेले.

परत आले तेव्हा वऱ्हांड्यात गलका होता. ती माठांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती. झंपराची एक बाही खांद्यापासून सुटलेली, हातातल्या काकणांचा चुरा, डावं मनगट वेडंवाकडं सुजलेलं. ड्रायव्हरने तिला बागेत गाठून धरलं होतं. ती त्याच्या हाताला कडकडून चावली, सुटून धावली आणि धावताना बागेचा गडगा, म्हणजे चिऱ्यांचा बांध, त्यावरून पलीकडे कोसळली. तशीच उठून ती वळसा घालून पुढच्या दाराने, सगळ्या माणसांसमोरून आत आली होती. मोरजीची एक म्हातारी आपल्या अंगावरची चादर काढून तिच्या खांद्याभोवती गुंडाळत होती आणि आम्हा सगळ्या ऑफिसवाल्यांना तोंडाला येईल ते बोलत होती. जिच्यावर बेतलं होतं ती रडत नव्हती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मी दारातून माझ्या मेजाच्या खणाकडे बघितलं.

एवढ्या माणसांनी पाहिलं नसतं तर ते तिथेच दाबलं गेलं असतं. पाहिलं म्हणून चौकशी करावी लागली, आणि चौकशी करायची होती त्या समितीने, म्हणजे आम्ही तिघांनी. साहेबांनी संध्याकाळी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "वरून पहिला प्रश्न येईल, बाई बागेत का गेली? सोय केल्याचा अहवाल तुम्ही लिहिलाय. त्यावर सह्या तिघांच्या आहेत." मी हेडक्लार्कांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. सात महिन्यांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि ते व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर आला. वर कुठली, खाली कुठली हे कोणी विचारलंच नाही. त्याने दोन्ही भाषा एकाच ओळीत लिहिल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. तासाभरात काम संपवून तो चहा पिऊन गेला.

तिसऱ्या दिवशी ती जबाब द्यायला आली. डाव्या हाताला प्लास्टर. नवरा खाणीवरून आलेला, दाराबाहेर उभा, कपड्यांवर तसाच तांबडा रंग. साहेब म्हणाले, इंग्रजीत टाइप करून घेऊ, फाइल इंग्रजीतच जाते. आणि मी, या सगळ्यातही, आपला हेका सोडला नाही. म्हटलं, जबाब मराठीतच हवा. बाईचा आहे, तिला कळला पाहिजे.

ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. ड्रायव्हरचं तिने सांगितलं तसं लिहिलं, त्यात काही लपवलं नाही. चावीचं तिने सांगितलं तेव्हाही माझा हात थांबला नाही. मी लिहिलं: 'कार्यालयात स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय असून तिची चावी मागितल्यावर मिळते, हे मला माहीत होते. तरीही मी आपल्या मर्जीने बागेत गेले.' वळणदार अक्षर, वडिलांनी लावलेलं. शाईचा एक डाग नाही.

मग नियमाप्रमाणे मी तिला तो वाचून दाखवला. ती दोन वाक्यं आली तेव्हा मी त्यांच्यावरून नजर तशीच पुढे नेली आणि पुढचं वाक्य वाचलं. आवाज जराही बदलला नाही. शाळेत मला वाचनाचं बक्षीस मिळालं होतं.

ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्या चावयेचा पन लिवलात मां बाई?"

"लिवलंय," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. चावीचं लिहिलं होतंच. खोटं बोलताना मी एवढी काळजी घेतली, की ते खोटंही ठरू नये, याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. रागाच्या भरात, भीतीने, माणूस काहीबाही करून बसतं. मी थंड डोक्याने, शुद्ध भाषेत केलं.

तिने उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. मी स्वतः तिचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवला आणि मग कागदावर. तिचा हात गरम होता. ताप असावा. एक नक्कल तिला द्यायची होती, तीही मी माझ्या हाताने सुवाच्य लिहून काढली आणि घडी घालून दिली. तिने ती पदराच्या टोकाला बांधली. ती गेल्यावर हेडक्लार्क खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पयले फावट तुमचें मराठी म्हाका मानवलें." माझं मराठी पहिल्यांदाच पटलं म्हणाले, पण ते टोमणा मारत नव्हते. त्यांचाही चेहरा उतरला होता.

ड्रायव्हरला बदलून दुसरा आणला, एवढंच झालं. पोलिसांपर्यंत गोष्ट गेली नाही. तिच्या नवऱ्याला सांगितलं गेलं, की बाईने सोय असून आडबाजूला जायचं निवडलं, आता पुढे नेलं तर तिचीच शोभा होईल. यादी सुधारून वर गेली. तिचं नाव वगळताना शेरा लिहायचा होता, तोही मीच लिहिला. तिचं सामान म्हणजे एक झाडू आणि एक तांब्या. ते न्यायलाही ती आली नाही. नवी बाई लागली. तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, खोली उघडी असते, पाहिजे तेव्हा जा. ती चकित झाली, एवढी मायाळू बाई म्हणून.

त्यानंतर मात्र मी पिसाटल्यासारखी त्या कामाच्या मागे लागले. पंचायतीत, बसस्टँडवर, शाळांत, जिथे म्हणून बायकांसाठी सोय नाही तिथे अर्ज केले, अधिकाऱ्यांच्या डोक्यावर बसले. कुठे कुलूप दिसलं की मी आरडाओरडा करायचे. लोक म्हणायचे, हिच्या अंगात येतं. माझं नाव झालं ते त्यामुळे. परवाची शाल त्याचीच. हे सगळं मी चांगुलपणाने केलं असं लोकांना वाटतं. मला एक खोली पुन्हा पुन्हा उघडायची होती, तेवढंच.

तिला शोधावं असं मनात यायचं. बांदा काही परदेशात नव्हता, पेडण्याहून अर्ध्या-पाऊण तासाची वाट. पण भेटून काय सांगायचं? तिला तर माहीतच नाही, ती बिचारी समजत असेल की बाईंनी सगळं नीट लिहिलं होतं, साहेबांनी ऐकलं नाही. असं मी स्वतःला समजावायचे. तिला वाचता येत नाही, या गोष्टीचा मी दहा वर्षं आधार घेतला. दहा वर्षं मी त्या गोष्टीमागे निवांत लपून बसले.

मग एकदा धाकट्या जावेबरोबर बांद्याच्या आठवडा बाजारात गेले होते. जावेला आमसुलं हवी होती. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर आमसुलांचे ढीग लावून एक बाई बसली होती. तिने मान वर केली आणि मीच आधी ओळखलं. डावं मनगट जरा वाकडंच जुळलेलं होतं.

"बाई!" ती एकदम हसली. "पेडण्याच्या बाई मां तुमी?"

मी कशीबशी मान हलवली. तिने माझ्या नवऱ्याची, मुलांची चौकशी केली. ऑफिसात आता कोण कोण आहे ते विचारलं. तिच्याशेजारी बाराएक वर्षांची एक मुलगी तराजू धरून बसली होती, मांडीवर शाळेचं पुस्तक उपडं ठेवून.

"ह्या माझा चेडू. सातवीत आसा. वाचूक लय हुशार."

मुलगी माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती. मी म्हटलं, छान, शिकव हो तिला, आणि पिशवी पुढे केली. तिने आमसुलं तोलली, वर आणखी मूठभर घातली. मी नको नको म्हणत होते. मग ती मुलीकडे बघत, साध्या आवाजात, हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तशी म्हणाली, "तुमी दिलेलो तो कागद मी अजून ठेवलंय. चेडू तिसरीत होता, तेवा तेणां माका वाचून दाखवल्यान. सगळो."

बाजाराचा आवाज चालूच होता. जाऊ पुढच्या दुकानात काहीतरी बघत होती. माफी मागायचे शब्द मला पाठ होते, दहा वर्षं घोकलेले. मी पाकीट उघडून पैसे मोजायला लागले.

तिनेच पिशवीचं तोंड बांधून पिशवी माझ्या हातात दिली.

"अक्षर मात्र तुमचा सुंदर हां बाई," ती म्हणाली. "तिसरीतला पोर ता, पन तेका एक शब्द अडाक नाय. सगळा कळला."